कापला म्हणजे कळलं

ज्या दिवशी माझी बायको दैवशाला गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी तुरीच्या कळ्यांना दोरे बांधत होतो. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या शेतावर मी एकवीस वर्षं काम करतो. तुरीचा नवा वाण काढायचा असला की उमलायच्या आतली कळी चिमट्यानं उघडावी लागते, तिच्यातले पुंकेसर काढून दुसऱ्या झाडाचे पराग लावावे लागतात, आणि कोणत्या झाडाला कोणतं लावलं हे नंतर कळावं म्हणून देठाला रंगीत दोरा बांधावा लागतो. पराग सकाळीच लावावे लागतात. त्या वेळी हात मोकळे नसतात. दोऱ्यांचं राहिलेलं काम दुपारपर्यंत चालतं.

दीडच्या सुमारास अंगद ओळीतून माझ्याकडे आला. अंगद माझ्याबरोबरच कामाला आहे, आमच्याच गल्लीत राहतो. त्याची बायको कौसल्या आणि दैवशाला एकाच बचत गटात होत्या, आणि गटाच्या चौदा बायका दोन दिवसांपूर्वी मिनी बसनं कोकणात सहलीला गेल्या होत्या. अंगद माझ्याकडे न बघता झाडांकडे बघत उभा राहिला.

"भाऊ, दोरा ठेवा खाली," तो म्हणाला.

काय झालं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, आधी ठेवा. मी ठेवला. मग तो म्हणाला, वहिनीला तिकडं बरं न्हाई. आमच्याकडे माणूस गेल्याचं असंच सांगतात. आधी बरं नाही म्हणतात, मग दवाखान्यात नेलंय म्हणतात. मीही लोकांना असंच सांगितलेलं आहे. त्यामुळे त्यानं पुढचं सांगायची गरज राहिली नाही. मी विचारलं, कवा? तो म्हणाला, अकरा-साडेअकराला.

कौसल्येनं मला सात वेळा फोन लावला होता. माझा फोन डब्याच्या पिशवीत बंद होता. सकाळी मीच तो बंद केला होता.

का बंद केला होता ते सांगायचं तर आधी आमच्या फोनचं सांगावं लागेल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या घरात पहिला मोबाईल आला, तेव्हा बोलायला पैसे पडायचे. आम्ही दोघांनी ठरवून घेतलं होतं. एकच रिंग देऊन बंद केली की पोचलो. सारखी वाजत राहिली की काम आहे. आणि ज्याच्याकडे फोन वाजतोय त्यानं कापला की कळलं. काम काय आहे ते वेळेवरून ओळखायचं. दुपारी एकला वाजला तर घरी पाहुणे आलेत. पाचला वाजला तर येताना भाजी आणा. मी चिमटा धरलेल्या हाताच्या करंगळीनं फोन कापायचो, आणि तिकडे ती शेजारणीला सांगायची, कळलं त्यांना. बहुतेक वेळा मला बराबर कळायचं. पुढे एकदा रिचार्ज मारला की महिनाभर बोला असं झालं आणि गल्लीतल्या सगळ्यांनी मिस कॉल सोडले. आम्ही सोडले नाहीत. सवय झाली होती, आणि तिला त्यात मजाही वाटायची. तृप्ती, आमची मुलगी, हसायची. म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांशी कधी बोलता तरी का?

त्या दिवशी सकाळी दहा बेचाळीसला दैवशालाचा फोन आला. सारखा वाजत राहिला. मी कापला. दहा एक्कावन्नला परत आला. परत सारखा वाजला. मी परत कापला, मग बंद करून पिशवीत टाकला. काही कळलं म्हणून मी कापला नव्हता. रागानं कापला होता.

राग समुद्राचा होता. तृप्तीचं लग्न झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दैवशाला म्हणत होती की आपण दोघं एकदा समुद्र बघून येऊ. मी म्हणायचो, तुरीचं काम होऊ दे, मग हरभऱ्याचं होऊ दे. एकदा मी तिला पैठणला नेलं, जायकवाडीच्या धरणापाशी उभं केलं आणि म्हणालो, हे घे, पाणीच पाणी. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "पल्याडचे डोंगर दिसून राह्यले की." मला वाटलं ती चेष्टा करतेय, म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

गटाची सहल ठरली तेव्हा तिनं मला न विचारता नाव दिलं आणि आल्यावर सांगितलं. मी जाऊ नको म्हणालो नाही. दोन दिवस मी काहीच म्हणालो नाही. निघायच्या दिवशी सकाळी पाचला बस येणार होती. ती म्हणाली, येता का सोडायला? मी म्हणालो, कळ्या लावायच्यात. कळ्या नऊच्या आत लावत नाहीत, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरांनी हृदयाचा झटका असं लिहिलं होतं. वय बावन्न. तृप्ती अंकुशनगरहून आली होती, जावई तिथल्या साखर कारखान्यात आहे. ती आईच्या डोक्याशी बसली होती. अंगणात पन्नासेक माणसं होती. मला बघून तिनं विचारलं, "अण्णा, आईचा फोन आल्ता का तुम्हाला?"

मी म्हणालो, "आल्ता. एक रिंग. पोचले म्हणून."

मी असं का म्हणालो ते मला सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. पण तृप्तीनं ते घट्ट धरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायला लागली, आई वर देवीपाशी पोचली, अण्णांना रिंग दिली आणि मंग गेली, समाधानानं गेली. दहाव्याला सांगितलं, तेराव्याला सांगितलं. दर वेळी मी तिथेच बसलेला असायचो. बायका डोळे पुसायच्या आणि माझ्याकडे बघून मान हलवायच्या. सहलीला गेलेल्या बायकांनीही तिला कधी खोडलं नाही.

दैवशालाचा फोन साधा, बटणांचा होता. कौसल्येनं तो तिच्या पिशवीसकट आणून दिला. त्यात दोन्ही वेळा होत्या. मी तो बंद करून कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवला.

तेराव्यानंतर मी कौसल्येला सगळं परत विचारलं. तिनं सांगितलं ते असं. टेकडीच्या खाली कातळवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथून पायऱ्या चढून वर गेलं की मोठं माळरान लागतं, त्याला तिकडे सडा म्हणतात. सड्याच्या मध्ये एकच आंब्याचं झाड आहे. तिथून पुढे अर्ध्या तासावर टेकडीच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ. दैवशाला झाडाखाली बसली. म्हणाली, माझे पाय भरून आले, तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून. देवळाच्या गुरवाची बायको तिथे पाण्याचा हंडा घेऊन बसली होती, म्हणून बायकांना वाटलं सोबत आहे. त्या वर गेल्या, दर्शन घेतलं, फोटो काढले, सव्वा तासानं खाली आल्या. दैवशाला झाडाच्या बुंध्याशी कुशीवर होती. झोपली असं वाटलं. गुरवीण तिथे नव्हती.

"फोन लावून राह्यलो, भाऊ," कौसल्या म्हणाली, "तर त्या झाडाखाली रेंजच न्हाई. मी पळत गावात आले तवा कुठं लागला."

मग ती रडायला लागली. प्रत्येक वेळी रडायची. तिनं मला हेही सांगितलं होतं की चढताना दैवशालानं फोन पिशवीतून काढलाच नव्हता. यानंतर मी तिला विचारायचं बंद केलं.

पण प्रश्न राहिला. झाडाखाली रेंज नव्हती तर दैवशालानं मला फोन लावला कुठून? एक तर ती थोडं बसून एकटीच पुढे गेली असेल, माथ्यावरून नाहीतर वाटेतून समुद्र दिसला असेल, आणि ते सांगायला तिनं फोन केला असेल. बाकीच्या बायका फोटो काढत होत्या, त्यांना ती दिसली नसेल. नाहीतर तिला त्रास व्हायला लागला असेल आणि ती रेंज शोधत फिरली असेल. पहिलं खरं असेल तर तृप्तीला खरं सांगता आलं असतं. आई समुद्र बघून मला सांगत होती आणि मी रागानं फोन कापला. ती माझ्यावर चिडली असती, महिनाभर बोलली नसती, पण तिला ते ऐकता आलं असतं. दुसरं खरं असेल तर काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. रात्रंदिवस डोक्यात तेवढंच होतं. कामावर मी दोनदा चुकीच्या रंगाचा दोरा बांधला. अंगदनं तो सोडून बरोबर बांधला.

जानेवारीत तूर निघाली आणि मी आठ दिवसांची रजा टाकली. दैवशालाच्या नंबरवर रिचार्ज मारला. दुकानदारानं नंबर ओळखला, वर बघितलं. तृप्तीला सांगितलं की त्या देवीला नारळ देऊन येतो. तिला माझ्याबरोबर यायचं होतं. मी म्हणालो, पोराची शाळा आहे, तू राहा. ती म्हणाली, मंग देवीपाशी पोचलात की रिंग द्या.

जालना, पुणे, रत्नागिरी असा बसनं गेलो आणि रत्नागिरीहून कातळवाडीच्या सकाळच्या एसटीत बसलो. साडेनऊला उतरलो. स्टॉपवर एक दुकान होतं. मी आधी तिथेच बघायचं ठरवलं. आमचे दोन्ही फोन एकाच कंपनीचे. तिच्या फोनवरून माझा नंबर लावला. माझ्या खिशात फोन वाजला आणि त्यावर दैवशाला असं नाव आलं. हे होणार हे मला माहीत होतं, तरी मला बाकावर बसावं लागलं. दुकानदारानं न विचारता पाणी दिलं आणि म्हणाला, गाडी लागली वाटतं. मी हो म्हणालो.

पायऱ्या काजूच्या बागेतून जातात. तांबड्या दगडातच खोदलेल्या आहेत, उंच आणि झिजलेल्या. मी भराभर चढलो. आमच्याकडचा माणूस सपाटीवर दिवसभर चालेल, पण चढ आला की घाई करतो, लवकर संपवून टाकू म्हणतो. निम्म्या पायऱ्यांवर माझी छाती भरली आणि मला थांबावं लागलं. दैवशाला माझ्यासारखीच चढली असणार, आणि तिच्या पुढे-मागे तेरा बायका घाई करणाऱ्या. तिथे फोन बघितला. रेंज नव्हती.

पायऱ्या संपल्या आणि झाडंही संपली. समोर नुसता काळा कातळ होता, लांबच लांब, हळूहळू वर चढत गेलेला. मी जन्मभर काळ्या मातीत काम केलं. हाही तेवढाच काळा, पण चार बोटं माती नाही. इथे काही पेरता येणार नाही, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. भेगांमध्ये गवत होतं, वाळून पिवळं पडलेलं आणि वाऱ्यानं एकाच अंगाला झोपलेलं. कुठेकुठे करवंदाच्या जाळ्या, त्याही गुडघ्याएवढ्याच. घर नाही, जनावर नाही, माणूस नाही. वारा एवढा होता की टोपी काढून खिशात ठेवावी लागली. समुद्राचा कुठे पत्ता नव्हता. पुढचा चढ त्याला झाकतो हे मला नंतर कळलं.

ते आंब्याचं झाड लांबूनच दिसत होतं. चालत जाताना मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो, पण दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. झाडाखाली साठीची एक बाई हंडा आणि स्टीलचा पेला घेऊन बसली होती. हीच गुरवीण. तिनं पाणी दिलं.

"घाटावरनं आलात ना?" ती म्हणाली. "तुम्ही लोक पायऱ्यांवर पळता नि इथं येऊन माझा हंडा संपवता."

मी हसल्यासारखं केलं. मी कोण ते सांगितलं नाही. पेला परत दिला, तिच्याकडे पाठ केली आणि दैवशालाच्या फोनवरून नंबर लावला. लागला नाही. झाडाच्या चारी बाजूंनी फिरलो, बुंध्याशी बसून बघितलं, उभं राहून बघितलं. कुठेच नाही. मला बरं वाटलं. त्या जागेवर मला बरं वाटलं हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. म्हणजे ती इथून उठून पुढे गेली होती. गुरवीण मागून म्हणाली, इथनं नाय लागायचा हो, आणि आणखी काही सांगत होती. मी ऐकायला थांबलो नाही. वर निघालो.

तो अर्धा तास मी चांगला चाललो. प्रत्येक वळणावर थांबून फोन लावायचो, नाही लागला की वर बघायचो. शेवटचा चढ उभा आहे, हात टेकत जावं लागतं. माथ्यावर चार खांब आणि पत्रा, खाली शेंदूर लावलेली देवी. मी देवीकडे बघितलं नाही, कारण तिच्या मागे समुद्र होता.

मला समुद्राची हौस कधीच नव्हती. तिकडे तो असतो एवढं माहीत होतं. तो असा एकदम सगळीकडे असेल असं वाटलं नव्हतं. खाली कडा, कड्याखाली पांढरी रेघ, आणि मग निळं-करडं पाणी, ते वर वर चढत जाऊन आभाळाला लागलेलं. दोन होड्या होत्या, त्या हलत नव्हत्या. आवाज येत नव्हता, नुसता वारा. मी बराच वेळ उभा राहिलो. ती असती तर काय म्हणाली असती हे मी मनात लावून बघत होतो आणि मला जमत नव्हतं.

मग फोन काढला. रेंज नव्हती. देवळाच्या मागे गेलो, पुढे आलो, जोत्यावर चढलो, हात उंच करून बघितला. दहा-बारा वेळा लावला. समोर नुसतं पाणी होतं. पाण्यात टॉवर कोण उभा करणार? एवढी साधी गोष्ट मला वर येईपर्यंत सुचली नव्हती. ती इथून फोन करू शकत नव्हती.

नारळ पिशवीत होता तो देवीपुढे ठेवला, फोडला नाही, आणि खाली आलो.

गुरवीण तिथेच होती. "लागला काय फोन?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो.

"मघाच सांगत होते तर पळालात. तो कडेचा दगड बघा. त्यावर उभं राह्यलं की लागतो. सगळ्यांना मी तिथंच पाठवते."

झाडापासून दोनशे पावलांवर, सड्याच्या काठाला, बसलेल्या म्हशीएवढा एक दगड होता. मी विचारलं, तिथून समुद्र दिसतो का? ती म्हणाली, समुद्र कुठला, तिथनं खालचा गाव दिसतो नि टॉवर.

मी बसलो. मग विचारलं की दिवाळीनंतर इथे बाहेरगावची एक बाई आली होती, आठवतं का? तिला आठवत होतं. सगळ्या गावाला आठवत होतं. जालन्याकडची ना, ती म्हणाली, आणि सांगायला लागली. मी कोण ते तिला अजून ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं मोकळेपणानं सांगितलं. बाई दोनदा पाणी प्याली. अजून किती लांब आहे म्हणून विचारलं. गुरवीण म्हणाली, आलात की, एवढंच राह्यलं. मग बाईनं विचारलं, फोन कुठून लागेल? हिनं दगड दाखवला. बाई गेली, थोडा वेळ तिथे उभी राहिली, आणि हळूहळू परत आली.

"मी विचारलं, बोललात काय घरी? तर हसली. म्हणाली, उचलला न्हाई, कापला. मी म्हटलं, मग परत लावा. म्हणाली, दोनदा लावला, आमच्यात कापला म्हणजे कळलं." गुरवीण पुढे म्हणाली, "मी म्हटलं, बाई, न बोलता काय कळलं त्यांना? तर म्हणाली, त्यांना बराबर कळतं."

एवढं बोलून तिनं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. बटणांचा फोन, त्याला दैवशालानं बांधलेला लाल गोंडा. तिनं तो त्या दिवशीही पाहिला असणार. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

मी विचारलं, "मावशी, तिला दुखत होतं का?"

 ती म्हणाली की घाम होता, पण चढून आलेल्या सगळ्यांनाच घाम असतो. छातीवर हात नव्हता. हसत होती. तिच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते, स्वयंपाक राहिला होता, म्हणून ती बाईला म्हणाली, मी खाली जाते, तुम्ही बसा. बाई म्हणाली, जा तुम्ही, मी बरी आहे, माझ्या बायका येतीलच.

"मला जर कळलं असतं तर मी उठले असते काय?" ती म्हणाली. "सांगा तुम्हीच."

मी म्हणालो, तुम्ही नसता उठला. तिला ते ऐकायचं होतं आणि ते खरंही होतं. ती उठून गेल्यावर दैवशाला पुढे गेली का, निदान चढाच्या वळणापर्यंत, जिथून पाण्याचा तुकडा दिसतो, हे मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती खाली होती.

मग मी त्या दगडावर गेलो. वर चढलो तसे फोनवर रेंजचे दांडे आले. समोर कातळवाडीची कौलं, काजूच्या बागा आणि लाल-पांढरा टॉवर. तिच्या फोनवरून माझा नंबर लावला. माझ्या खिशात वाजला, मी काढून हातात धरला. अंगठा आपोआप कापायच्या जागी गेला. मी अंगठा वरच धरून ठेवला. फोन उचललाही नाही. उचलला असता तरी दोन्ही माझ्याच हातात होते. तो आपणहून बंद होईपर्यंत वाजू दिला.

मी तिथे उभं राहून ओळखायचा प्रयत्न केला. एकला वाजला की पाहुणे, पाचला वाजला की भाजी. पावणेअकराचं आमचं काहीच ठरलेलं नव्हतं. तृप्ती म्हणते आई समाधानानं गेली, आणि ते कदाचित खोटं नसेल. जे सांगायचं होतं ते मला कळलं असं धरून ती झाडाखाली येऊन बसली. छातीत दुखतंय हे मला कळलं असं तिला वाटलं, की न विचारता आले त्याचा राग धरू नका, सोडायला आला नाहीत त्याचा मी पण धरला नाही, हे मला कळलं असं वाटलं, ते मला समजायला आता काही मार्ग नाही. मला काय कळलं हे ती गेली तेव्हा एकट्या तिलाच माहीत होतं.

दगडावर रेंज चांगली होती. मी माझ्या फोनवर तृप्तीचा नंबर काढला. काय बोलायचं ते जुळवलं. आई झाडापर्यंतच गेली होती, तिनं दोनदा फोन लावला, मी दोनदा कापला. एवढी तीनच वाक्यं होती. नंबर लावला. एक रिंग झाली. ती उचलेल म्हणून मला भीती वाटली आणि मी बंद केला. एक रिंग म्हणजे पोचलो. तिनं परत फोन केला नाही.

तीनच्या एसटीनं मी रत्नागिरीला आलो. गुरवीण पायऱ्यांपर्यंत माझ्याबरोबर आली होती. उतरताना हळू जा, एवढंच म्हणाली.

आता फेब्रुवारी आहे. मागच्या रविवारी तृप्ती आली होती. शेजारी नवी भाडेकरू बाई आली आहे, तिला तिनं दारात उभं राहून सगळं सांगितलं, आईनं वर पोचल्यावर अण्णांना रिंग दिली ते. मी आत हरभरा निवडत बसलो होतो. संध्याकाळी ती अंकुशनगरच्या गाडीत बसली, मी तिला सोडायला स्टँडवर गेलो, गाडी सुटायला वीस मिनिटं होती. तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.